पीएफचे पैसे बरोबर, पण तारीख चुकली

२०२३ चा जून. नागपुरात पाऊस अजून आलेला नव्हता, कूलरचं पाणी दिवसातून दोनदा संपत होतं आणि भाचा समोर मोबाइल धरून बसला होता. "मामा, हे पाहा ना, काहून कापले बा यांनी सोळा हजार चारशे? पाच वर्षं झाली होती ना माझी."

झाली होती, खरंच झाली होती. बुटीबोरीच्या एका कंपनीत पोरगा १२ जून २०१७ ला लागला आणि २० जुलै २०२२ ला सोडून दुसरीकडे गेला, म्हणजे बोटावर मोजलं तरी पाच वर्षं, एक महिना आणि वर आठवडाभर. डिसेंबर २०२२ मध्ये त्यानं जुना पीएफ काढला, साधारण १ लाख ६४ हजार होते, बँकेत आले १ लाख ४७ हजार ६००. मधले गेले टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारकडे भरलेला टॅक्स.

मी हिंगणा एमआयडीसीत चौदा वर्षं पगारपत्रकं केलीत त्यामुळे अशा वेळी मी आधी रक्कम बघत नाही, तारखा बघतो. पासबुक उघडलं, सर्व्हिस हिस्टरी उघडली आणि सापडलं. जॉइनिंगची तारीख होती १ ऑक्टोबर २०१७. कंपनीनं पहिले साडेतीन महिने "ट्रायल" म्हणून पीएफ कापलाच नव्हता (नियमाने पीएफ पहिल्या दिवसापासून लागतो, पण ट्रायलची ही गंमत एमआयडीसीत नवी नाही), आणि पोर्टलवर नाव चढवताना तारीखही पीएफ सुरू झाल्याचीच टाकून दिली. १ ऑक्टोबर २०१७ पासून मोजलं तर २० जुलै २०२२ ला होतात चार वर्षं, नऊ महिने, वीस दिवस. सिस्टीमनं पाच वर्षांपेक्षा कमी पाहिलं आणि दहा टक्के कापले. सिस्टीमची चूक काहीच नाही, तिला जे सांगितलं तेच तिनं पुढे सांगितलं.

आता हे "पुढे सांगणं" म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण बहुतेकांना वाटतं पीएफ वेगळा आणि इन्कम टॅक्स वेगळा, एक ऑफिस तुकडोजी चौकाकडे, दुसरं सिव्हिल लाइन्सला, मधे कोणाचा कोणाशी संबंध नाही. संबंध आहे आणि तो तुमच्या पॅन नंबरवरून जातो. तुमच्याबद्दलची माहिती तुम्ही नाही, दुसरेच कोणी आयकर खात्याला कळवतात, आणि तुम्हाला ते दिसतं सगळ्यात शेवटी.

पहिलं टेबल कंपनीचं. तुमच्या बेसिक आणि डीएच्या १२ टक्के तुमच्याकडून, १२ टक्के कंपनीकडून. भाच्याचा बेसिक १५,००० होता, म्हणजे त्याचे १,८००, आणि कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत गेले, उरलेले ५५० पीएफमध्ये. पासबुकात दर महिन्याला हे तीन आकडे दिसतात, आणि "कंपनीनं माझे बाराशे पन्नास खाल्ले" म्हणून जे भांडण होतं ते यावरूनच, खाल्लेले नसतात, पेन्शनच्या रकान्यात असतात. हे सगळं कंपनी ईसीआर नावाच्या एका फाइलमध्ये भरते, प्रत्येक माणसाची एक ओळ, आणि चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. जूनच्या पगाराचं चलन १५ जुलैच्या आत. जुन्या लोकांच्या भाषेत याला अजून "पीएफचं चलन मारणं" म्हणतात, आणि १४ तारखेला संध्याकाळी साइट हळू होते हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे.

ही १५ तारीख चुकली तर कंपनीला व्याज आणि दंड तर आहेच, पण यातसुद्धा आयकर खातं आहे. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे कंपनीकडे आले की कायद्यानं ते कंपनीचं उत्पन्न धरतात, आणि वेळेत पीएफला भरले तरच तेवढी वजावट मिळते. जुन्या कायद्यात उशिरा भरले तर पैसे भरूनही वजावट नव्हती. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं यावर शिक्कामोर्तब केलं. शिवाय ज्यांचं टॅक्स ऑडिट होतं त्या कंपन्यांच्या ऑडिट रिपोर्टमध्ये महिन्यागणिक लिहावं लागतं की कापलेले पैसे भरायची शेवटची तारीख कोणती होती आणि भरले कधी. त्यामुळे वेळेवर भरण्याबद्दल मालक मंडळी आता जागरूक झालीत. तारीख बरोबर टाकण्याबद्दल तेवढी नाही, कारण जॉइनिंगची तारीख चुकली तर मालकाच्या खिशाला काही लागत नाही, लागते ती पोराच्या.

दुसरं टेबल पीएफ ऑफिसचं. (ज्या मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ ट्रस्ट आहेत तिथे हे काम ट्रस्ट करतो. आणि आपल्याकडच्या कोळसा खाणीवाल्यांचा फंडच वेगळा, त्याचा कायदा १९४८ चा, त्यांनी इथले नियम जसेच्या तसे स्वतःला लावू नये.) तुम्ही पैसे काढायला फॉर्म टाकला की पीएफ ऑफिस तीन गोष्टी पाहतं. सलग नोकरी पाच वर्षांची आहे का, रक्कम ५०,००० किंवा वर आहे का, आणि पॅन जोडलेलं आहे का. पाच वर्षं पूर्ण असतील तर कपात नाही. पाचपेक्षा कमी आणि रक्कम ५०,००० च्या खाली, तरी कपात नाही. नाहीतर दहा टक्के, आणि पॅन नसेल तर वीस टक्के. एप्रिल २०२३ च्या आधी तर पॅन नसला की सगळ्यात वरच्या दरानं कापत, तिसरा हिस्सा आणि वर थोडं. हे सगळं कलम १९२ए मध्ये आहे, २०१५ मध्ये आलं. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा, २०२५ चा कायदा लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, मी जुनेच लिहितोय कारण जुन्या वर्षांच्या कागदांवर तेच छापलेले आहेत.

पॅनबद्दल एक सांगतो, कारण माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं यातलीच. आपल्याकडे नावाचे प्रकार किती, आधारवर आधी आडनाव, पॅनवर शेवटी आडनाव, कंपनीत मधलं नावच नाही, आणि बायकांचं तर लग्नानंतर आधार बदलतं, पॅन माहेरच्याच नावानं राहतं. पॅनमधलं पाचवं अक्षर म्हणजे पॅन काढताना जे आडनाव होतं त्याचं पहिलं अक्षर, नंतर नाव बदलून घेतलं तरी नंबर तोच राहतो, त्यात चूक काही नाही. पण पीएफच्या नोंदीतलं नाव आणि पॅनचं नाव जुळलं नाही तर पॅन व्हेरिफाय होत नाही, आणि व्हेरिफाय न झालेलं पॅन म्हणजे पॅन नाहीच. मग कापतात वीस टक्के, आणि खरा त्रास पुढे आहे: ज्या कपातीसोबत पॅनच गेलं नाही ती तुमच्या खात्यावर चढणार कशी? पैसे सरकारात जमा आहेत, पण कोणाचे ते लिहिलेलं नाही. ते परत मिळवायचे तर कापणाऱ्यानं आपलं विवरण दुरुस्त करून भरावं लागतं, तुमच्या हातात अर्ज करण्यापलीकडे काही नाही.

तिसरं टेबल टीडीएसच्या विवरणाचं. कापलेला टॅक्स भरला म्हणजे काम संपलं असं नाही, कोणाच्या पॅनवर किती दिले आणि किती कापले याचं विवरण दर तीन महिन्यांनी भरावं लागतं, फॉर्म २६क्यू. एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत, जुलै ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते डिसेंबरचं ३१ जानेवारीपर्यंत आणि जानेवारी ते मार्चचं ३१ मेपर्यंत. विवरण उशिरा भरलं तर कापणाऱ्याला दिवसाला २०० रुपये फी.

या तारखा एकदा लक्षात आल्या की निम्मी घबराट जाते. फेब्रुवारीत पीएफ काढला, पैसे कापून आले, मार्चमध्ये तुम्ही २६एएस (तुमच्या पॅनवर कापलेल्या टॅक्सचा ऑनलाइन उतारा) उघडलं आणि त्यात काहीच नाही, तर कोणी पैसे पळवले असं नाही, त्या तिमाहीचं विवरणच अजून गेलेलं नाही. ते जाईल मेअखेर आणि दिसेल जूनमध्ये. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की रिटर्न भरायची एप्रिलमध्ये घाई करू नका. एक शेजारी आहेत, दरवर्षी गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी रिटर्न भरून मोकळे होतात, त्यांना त्याचा अभिमान आहे, आणि मग जूनमध्ये रिव्हाइज्ड रिटर्न भरायला माझ्याकडे येतात.

चौथं टेबल आयकर खात्याचं, आणि तिथे आता माणूस बसलेला नाही, एआयएस आहे, म्हणजे तुमच्याबद्दल आलेल्या माहितीचं वार्षिक पत्रक. नोव्हेंबर २०२१ मध्ये हे सुरू झालं. २६एएस मध्ये मुख्यतः कापलेला टॅक्स दिसतो. एआयएसमध्ये बँकेचं व्याज, म्युच्युअल फंड, शेअर, पीएफ, तुमच्याबद्दल जगानं जे काही कळवलं ते सगळं. रिटर्नमध्ये आधीच भरून येणारे आकडे यातूनच येतात. देशभरातले नवे आयकर अधिकारी आमच्या छिंदवाडा रोडवरच्या अकादमीत शिकून जातात, पण तुमचं रिटर्न आणि कळवलेली माहिती जुळते की नाही हे पहिल्यांदा ताडून पाहतं ते कॉम्प्युटरच.

आता "सलग नोकरी पाच वर्षं" या शब्दांकडे परत येऊ, कारण सगळी गंमत त्यात आहे. आयकर कायद्यात लिहिलंय नोकरी, पीएफचं सभासदत्व नाही. म्हणजे भाच्याचे ते ट्रायलचे साडेतीन महिने कायद्याच्या दृष्टीनं नोकरीच होती. पीएफच्या नोंदीत ते नव्हते एवढंच. शिवाय आधीच्या कंपनीतला पीएफ जर नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर केला असेल तर आधीची वर्षंही मोजली जातात: दोन वर्षं एकीकडे, साडेतीन दुसरीकडे, झाली साडेपाच. पण पोरं काय करतात, नोकरी बदलली की पहिला पीएफ काढून गाडीचं डाउन पेमेंट करतात, आणि ती दोन वर्षं तिथेच वाहून जातात. अजून एक, तब्येतीमुळे नोकरी सुटली, कंपनी बंद पडली, किंवा माणसाच्या हातात नसलेल्या कारणानं नोकरी गेली तर पाच वर्षं झालेली नसली तरी रक्कम करमुक्त आहे. हिंगण्यात शटर पडलेल्या कंपन्या काही कमी नाहीत. पण नोकरी सोडल्याचं कारण पोर्टलवर कंपनीच टाकते, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांची नावं एकदम उडवताना कोण कारण बघतो? कंपनी तारीखच टाकत नसेल तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः सोडल्याची तारीख टाकू शकता, २०२० पासून ही सोय आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नाही.

आणि खरोखरच पाच वर्षं झालेली नसतील तर? तर दहा टक्के कापले म्हणजे हिशोब मिटला असं समजू नका. कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज तुमच्या पगारात धरतात, तुमच्या हिश्श्याचं व्याज इतर उत्पन्नात, आणि तुमच्या हिश्श्यावर आधी ८०सी मध्ये सूट घेतली असेल तर त्या त्या वर्षाचा टॅक्स पुन्हा काढतात. वीस-तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला वरचा फरक भरावाच लागतो. नेटकॅफेवाला म्हणतो "भाऊ, १५जी जोडून देतो, काही कापणार नाही," आणि जोडूनही देतो, कोणाचंही. १५जी म्हणजे तुमची लेखी शपथ आहे की या वर्षी माझा एकूण टॅक्स शून्य होतो. साठीच्या पुढच्यांसाठी १५एच. पगार चालू असलेल्या, टॅक्स लागणाऱ्या माणसानं ती दिली तर ती खोटी शपथ झाली, आणि ती लपूनही राहत नाही, कारण आलेल्या प्रत्येक १५जीला नंबर देऊन तो तपशीलही पैसे देणाऱ्याला विवरणातून कळवावा लागतो.

आता जास्त पगारवाल्यांचं. मिहानमधल्या आयटी कंपनीतला माझा एक मित्र जास्तीचा पीएफ कापून घेतो, बँकेपेक्षा व्याज बरं म्हणून. १ एप्रिल २०२१ पासून नियम असा आहे की वर्षाला तुमच्या स्वतःच्या हिश्श्याचे अडीच लाखांच्या वर जेवढे जातील त्यावरचं व्याज करपात्र (जिथे मालकाचा हिस्सा नसतो, जसं सरकारी जीपीएफ, तिथे पाच लाख). म्हणून आता पीएफमध्ये एकाच्या पोटात दोन खाती आहेत, करमुक्त आणि करपात्र. मित्राचे समजा ३ लाख १० हजार गेले. वरचे ६० हजार करपात्र खात्यात. सोपं जावं म्हणून ते वर्षभर खात्यात होते असं धरलं तर ८.२५ टक्क्यांनी व्याज ४,९५०. टीडीएस मार्च २०२५ पर्यंत ५,००० च्या वर लागायचा, त्यामुळे एक रुपया कापला नाही, मित्र खूश. पण कापला नाही म्हणजे लागत नाही असं नाही, ते ४,९५० रिटर्नमध्ये दाखवायचेच आहेत. आणि पुढच्या वर्षी त्यानं अडीच लाखांच्या वर एक पैसा नाही टाकला तरी त्या खात्यात आता ६४,९५० आहेत, त्यावर व्याज ५,३५८, आणि त्या ५,००० च्या मर्यादेनं आता मात्र टीडीएस. पैसे काढेपर्यंत दर वर्षी हेच. "मी तर यंदा जास्त टाकलेच नाही" म्हणून तो माझ्याशी अर्धा तास भांडला.

यात वेळेचा घोळ वेगळाच. पीएफच्या व्याजाचा दर ठरतो वर्षाच्या शेवटी-शेवटी, मग केंद्राची मंजुरी, मग पासबुकात नोंद. व्याज मार्चअखेरच्या वर्षाचं, दिसतं कितीतरी नंतर, आणि तुम्हाला ते दाखवायचंय त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये. अशा वेळी पासबुकातले महिन्याचे आकडे घेऊन स्वतः हिशोब करणं हाच इलाज.

तुलनेला बाहेरचं एक उदाहरण घ्या: ऑस्ट्रेलियात निवृत्तीच्या फंडाला "सुपर" म्हणतात, आणि २०१८ च्या आसपास तिथे नियम आला की सभासदाचं खातं उघडलं किंवा बंद झालं तर फंडानं ५ कामकाजाच्या दिवसांत कर खात्याला कळवायचं, आणि खात्यात पैसे जमा झाले तर कामकाजाच्या १० दिवसांत. माणसाला स्वतःचं खातं सरकारी पोर्टलवर जवळजवळ ताजं दिसतं, चूक असली तर त्याच महिन्यात पकडता येते. आपल्याकडे पासबुक दर महिन्याला भरतं हे खरं, पण आयकर खात्याकडे जाणारी माहिती तिमाहीच्या गाडीनं जाते, आणि भाच्याची २०१७ ची चूक सापडली २०२३ मध्ये, तीही पैसे कापले गेल्यावर. मला यात सगळ्यात खटकतं ते हेच. जॉइनिंगची तारीख ज्या दिवशी पोर्टलवर चढते त्या दिवशी माणसाला मेसेज गेला असता की "तुमची तारीख अमुक नोंदली, बरोबर आहे का," तर एवढं रामायण झालं नसतं.

भाच्याचं काय केलं ते सांगतो. नेमणूकपत्र होतं, घरी ट्रंकेत, आईनं जपून ठेवलेलं. जुलै २०१७ च्या बँक स्टेटमेंटमध्ये पहिला पगार कंपनीच्या नावानं जमा झालेला. सीएनं रिटर्नमध्ये पीएफची रक्कम करमुक्त दाखवली, कापलेले १६,४०० क्लेम केले आणि एआयएसमध्ये त्या नोंदीवर फीडबॅक टाकला की माहिती पूर्णपणे बरोबर नाही. काही दिवसांनी खात्याकडून विचारणा आली, कागद अपलोड केले, आणि पैसे आले जानेवारीत. प्रत्येकाचं एवढं सरळ होईलच असं नाही, कागद नसते तर आम्हीही काही करू शकलो नसतो.

पीएफच्या नोंदीतली तारीख मात्र अजून तीच आहे. आम्ही प्रयत्न केला तेव्हा ती बदलायला जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे सभासद आणि कंपनीचा मिळून अर्ज लागायचा, कंपनीनं मान्य करावं लागायचं, आणि तिथे एचआरवाला तीनदा बदलला. पहिला म्हणाला मी तेव्हा नव्हतो, दुसरा म्हणाला मेल करा, तिसऱ्यानं फोन उचलला नाही.

परवा भाचा पुन्हा आला, आता मिहानमध्ये आहे. म्हटलं, आताच्या नोकरीची नोंद उघड बरं, इथेच, माझ्यासमोर. जॉइनिंगची तारीख बरोबर निघाली. पॅन व्हेरिफाइड. वडिलांच्या नावात मात्र एक अक्षर खाल्लेलं. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाले जिल्ह्याजिल्ह्यात "निधी आपके निकट" म्हणून तक्रारी ऐकायला बसतात. बहिणीला फोन करून सांगितलं, ट्रंकेतलं नेमणूकपत्र पाठव, २७ ला दोघं जाऊन येतो, जुन्या तारखेचंही विचारून घेतो.